क्रूझची केबिन: एक वेबसाइटवरून, एक एजंटाकडून

सिंगापूरहून पेनांग आणि फुकेट करून परत येणारी 4 रात्रींची क्रूझ. दोन केबिन, दोन्ही बाल्कनीच्या, दोन्हीत तीन-तीन माणसं. आमची (मी, नवरा, मुलगा) मी ठाण्यात घरी बसून कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली. नणंदेची (ताई, भावोजी आणि आमच्या सासूबाई) नाशिकच्या त्यांच्या नेहमीच्या एजंटाकडून घेतली गेली. असं करायचं आधी काही ठरलं नव्हतं. भावोजींचा कार्डाने परदेशात पैसे भरण्यावर विश्वास नाही आणि माझा ‘मॅडम, काळजीच करू नका’ या वाक्यावर नाही. त्यामुळे आपोआप तुलना करण्याजोगं प्रकरण तयार झालं. मी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते, तेव्हा दोन्हीकडची बिलं मांडीवर घेऊन बसणं हे माझ्याकडून होणारच होतं.

जहाज कंपनीचं आणि एजंटांचं नाव देत नाही. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन, स्टारड्रीम (आधीचं नाव रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस) वगैरे बऱ्याच जणांची जहाजं सुटतात आणि केबिन विकायची पद्धत सगळ्यांची साधारण सारखीच आहे.

आधी पैसे, कारण घरी पहिला प्रश्न तोच विचारला गेला.

भाडं दोन्हीकडे एकच निघालं. याचं मला आश्चर्य वाटलं नाही, भावोजींना वाटलं. क्रूझ कंपन्या एजंटाला भाड्यावर साधारण 10 ते 16 टक्के कमिशन देतात, बंदराचे आकार आणि कर यांवर देत नाहीत. ते कमिशन भाड्यातच धरलेलं असतं. तुम्ही थेट वेबसाइटवर गेलात म्हणून ते तुम्हाला कापून मिळत नाही, ते कंपनीकडेच राहतं. म्हणजे ‘मधला माणूस काढला की स्वस्त पडतं’ हे भाजीला लागू असेल, क्रूझला नाही. फरक पडतो तो पैसे रुपयातून डॉलरमध्ये कसे जातात यात.

आमच्या तिघांचे, बंदर शुल्क आणि टिप धरून, 2,640 सिंगापूर डॉलर झाले. (टिप म्हणजे ग्रॅच्युइटी. माणशी, रोजची, आणि ती लहान पोरालाही लागते. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात ती नसते, शेवटच्या पानावर उगवते.) डॉलर 67 रुपये धरला तर 1,76,880. त्यावर बँकेने परकीय चलनाचा आकार लावला साडेतीन टक्के, आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. हे दोन्ही मिळून 4.13 टक्के होतात. म्हणजे 7,300 रुपये नुसते कार्ड वापरल्याचे. हा आकार (मार्कअप) नसलेली कार्डं मिळतात, ज्यांना असं बुकिंग करायचंय त्यांनी आधी ते कार्ड काढावं. पैसे भरताना ‘रुपयात भरायचे का?’ असं विचारणारी एक चौकट येते, तिला नाही म्हणायचं. तिथला रुपयाचा दर आणखी महाग असतो.

एजंटांनी ताईंना कोटेशन रुपयात दिलं. धंद्यातल्या भाषेत ते ज्याला ‘आरओई’ म्हणतात तो विनिमय दर त्यांनी 69 लावला होता, म्हणजे बाजारापेक्षा 2 रुपये वर. 2,640 ला गुणलं की 5,280. माझ्या बँकेने माझ्याकडून घेतले त्यापेक्षा कमीच की! हे मी प्रामाणिकपणे भावोजींना दाखवलं आणि ते दिवसभर खूश होते. पण विमानासकट पॅकेज असल्यामुळे वर 5 टक्के जीएसटी आला, क्रूझच्या वाट्याचा 9,108. शिवाय तेव्हाच्या दराने 5 टक्के टीसीएस (परदेशी सहल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर), साधारण साडेनऊ हजार. टीसीएस हा खर्च नाही, तो आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच नावावर जमा होतो. सासूबाईंना विवरणपत्र भरावं लागत नाही. त्यांचा वेगळा पॅन दिला असता तर सव्वातीन हजाराच्या परताव्यासाठी पंचाहत्तरीत त्यांचं रिटर्न भरत बसले असते मी. सगळं भावोजींच्या पॅनवर घ्यायला लावलं. हे एजंटांनी स्वतःहून सांगितलं नाही, विचारल्यावर मात्र लगेच करून दिलं.

थोडक्यात, टीसीएस सोडून दिला तर एकाच केबिनसाठी ताईंनी माझ्यापेक्षा 7,000 रुपये जास्त दिले. पुढचं सगळं परीक्षण या सात हजारांचं आहे, असं समजून वाचा.

वेबसाइट.

पहिलं विघ्न म्हणजे कार्ड. परदेशी व्यवहार कार्डावर मुळात बंद असतात, ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात, हे माहीत होतं. मर्यादाही वाढवून ठेवली होती. तरी बँकेने पहिल्यांदा व्यवहार नाकारला, ‘हा तुम्हीच करताय का’ असा मेसेज आला, मी हो म्हणेपर्यंत तिकडे वेळ संपली आणि निवडलेली केबिन सुटली. केबिन काही मिनिटंच राखून ठेवतात, एका बाजूला उलटी गिनती चालू असते. तत्काळचं तिकीट काढणाऱ्यांना ही धडधड सवयीची आहे. पुन्हा आत गेले तर तीच केबिन मोकळी होती.

आणि ती केबिन निवडणं, हीच वेबसाइटची खरी मजा. डेक प्लॅन उघडायचा. एकेक मजला नकाशासारखा समोर. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या असतील, नवरा म्हणाला फ्लॅट घेताना एवढं पाहिलं नव्हतंस. पाहण्यासारखं असतं, कारण ‘बाल्कनी केबिन’ या एकाच नावाखाली बरंच काही विकलं जातं. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, टोकांना आणि वर जास्त. पोहण्याच्या तलावाच्या किंवा बुफेच्या बरोब्बर खालची केबिन घेऊ नये. रात्री लाद्या धुतात आणि पहाटे खुर्च्या सरकवतात. नाट्यगृहाच्या किंवा नाचाच्या जागेच्या वरची घेऊ नये. काही बाल्कन्यांच्या खाली जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, खाली वाकून बघितलं की समुद्राऐवजी नारिंगी छप्पर दिसतं. काही केबिनना शेजारच्या केबिनमध्ये उघडणारा दरवाजा असतो. एकत्र आलेल्या कुटुंबाला सोयीचा, पण शेजारी अनोळखी असले तर त्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. आम्ही मध्यावरची घेतली, वर केबिन, खाली केबिन, लिफ्टपासून थोडी आत. एकदाही झोपमोड झाली नाही.

ताईंच्या कागदावर लिहिलं होतं: बाल्कनी, गॅरंटी. गॅरंटी हा शब्द ऐकून भावोजींना फार बरं वाटलं. त्याचा अर्थ एवढाच, की प्रकाराची हमी आहे, कुठली केबिन ते कंपनी मागाहून ठरवणार. उरलेल्यांतली मिळणार. ही सोय वेबसाइटवरही असते आणि जरा स्वस्तही असते, आणि नंबर ठरवून द्या म्हटलं तर एजंटही ठरवून देतात. पण एजंटाकडे ग्रुपसाठी आधीच उचललेल्या केबिन असतात आणि त्या खपवायच्या असतात, त्यामुळे विचारलं नाहीत तर गॅरंटीच गळ्यात येते. ताईंना निघण्याच्या थोडे दिवस आधी नंबर कळला. बुफेच्या खाली. पहाटे साडेपाचला डोक्यावर खुर्च्या. सासूबाई तशाही पाचला उठतात, त्यांना काही फरक पडला नाही, उलट ‘उठलं वाटतं जहाज’ म्हणून त्या बाल्कनीत जाऊन बसायच्या. ताईंना फरक पडला.

वेबसाइटचा दुसरा फायदा. शेवटचा हप्ता भरायच्या आधी मी भाव बघत राहिले आणि आमच्या प्रकाराचं भाडं उतरलेलं दिसलं. फोन केला, बराच वेळ संगीत ऐकलं, आणि फरकापोटी 80 डॉलर जहाजावर खर्चायला जमा करून घेतले. प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक ऑफर याला तयार नसते, अटी वाचूनच फोन करावा. ताईंच्या एजंटांचं उत्तर एका ओळीचं होतं: ग्रुपचा दर आहे, वर जात नाही, खाली येत नाही.

त्रास म्हणजे ईमेल. बुकिंग झाल्यापासून निघेपर्यंत वायफाय घ्या, ड्रिंक पॅकेज घ्या, सहली घ्या, आजच घ्या. वायफाय आधी घेतलेलं खरंच स्वस्त पडतं, तेवढं घ्या. ड्रिंक पॅकेजची गंमत अशी, की एका केबिनमधल्या एका प्रौढ माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या बाकीच्या प्रौढांनाही ते घ्यावं लागतं, असा नियम बऱ्याच कंपन्यांचा आहे. भावोजींनी हा नियम सासूबाई त्यांच्याच केबिनमध्ये आहेत हे लक्षात आल्यावर मोठ्याने वाचून दाखवला आणि विषय मिटला.

आता एजंट.

मला आधी हे कबूल केलं पाहिजे की मी त्यांना टोपी, बॅग आणि चिवड्याचं पाकीट देणारे गृहस्थ समजत होते. ते तर त्यांनी दिलंच. सगळी कागदपत्रं रंगीत प्रिंट काढून, सामानाच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकमध्ये घालून, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून. मी आमच्या चिठ्ठ्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढून स्टेपल केल्या होत्या. सासूबाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

पण सासूबाईंच्या गुडघ्यापाशी एजंट खरा कामाला आला. व्हीलचेअर पाहिजे हे वेबसाइटवर कळवायला एक फॉर्म असतो. तो भरला की आभाराचा मेल येतो, आणि पुढे काय ते बंदरावर कळतं. एजंटांनी ताईंना फोन करून विचारलं, की घरातून चालता येतं का, जिने चढता येतात का, किती. मग सांगितलं, की जहाजाची व्हीलचेअर फक्त चढता-उतरताना मिळते, आत फिरायला स्वतःची न्यावी लागते. पेनांगला प्रश्न नाही, स्वेटनहॅम पिअरला जहाज धक्क्याला लागतं, बाहेर पडलं की जॉर्जटाउन गाव समोर. फुकेटला मात्र मोठं जहाज पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, तिथे व्हीलचेअर कठीण, आजींना त्या दिवशी जहाजावरच ठेवा नाहीतर पायरीवर धरायला दोन माणसं ठेवा.

माझ्या वेबसाइटवर ही सगळी माहिती होती. फुकेटच्या नावापुढे ‘टेंडर’ (म्हणजे तीच छोटी बोट) एवढा एक बारीक शब्द.

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायच्या, डेकच्या तिकिटावर, पथारी टाकून. वेंगुर्ल्याला आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला न्यायचे. फुकेटचं वर्णन ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे पडावच ना? मग मला काय सांगता?’ आणि उतरल्या. दोन माणसं धरायला होती, पण धरावं त्यांनीच लागलं आम्हाला. त्यांच्या दृष्टीने या संपूर्ण क्रूझमध्ये एवढीच एक गोष्ट जहाजप्रवासासारखी झाली. बाकी सगळं ‘हालतं मंगल कार्यालय’.

दुसरी गोष्ट व्हिसाची, आणि इथे वेबसाइटवाल्यांची जरा जिरते. सिंगापूरचा पर्यटन व्हिसा भारतात अधिकृत व्हिसा एजंटांमार्फत करावा लागतो. म्हणजे केबिन मी कितीही ऐटीत ऑनलाइन घेतली, तरी पासपोर्टाच्या प्रती आणि 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो घेऊन एका एजंटाच्या दारात मला जावंच लागलं. क्रूझला जाणाऱ्यांनी व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बघून घ्यावं. जहाज सिंगापूर सोडून दुसऱ्या देशात जातं आणि परत सिंगापुरात येतं, तो दुसरा प्रवेश होतो. आम्ही गेलो तेव्हा मलेशिया आणि थायलंड दोन्हीकडे भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात येणाऱ्याने भरायचं आगमनाचं पत्रक, सिंगापूरच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि क्रूझवरून परत येतानाही पुन्हा भरावं लागतं. ताईंच्या बिलात याच फुकटच्या कार्डाचे ‘सेवा शुल्क’ म्हणून माणशी 300 रुपये होते. सात हजारांच्या हिशेबात हे मी धरलेलेच नाहीत, वर आहेत.

तिसरी गोष्ट मला पटायला जड गेली. आमची दोन बुकिंगं जोडून घ्यायची होती, म्हणजे रात्रीच्या जेवणाला एका टेबलावर बसता आलं असतं. मी कंपनीला फोन केला. बाई गोड बोलल्या: तुमचं बुकिंग आम्ही उघडू शकतो, दुसरं एजंटाचं आहे, त्याला आम्ही हात लावत नाही, त्यांनाच सांगा. मग भावोजींनी स्वतः फोन केला. केबिन त्यांच्या नावावर, पैसे त्यांचे, तरी उत्तर तेच. एजंटाकडून घेतलेलं बुकिंग कंपनीच्या लेखी एजंटाच्या ताब्यात असतं, बदल, परतावा, जोडणी, काहीही त्याच्यामार्फत. हे लोकांना आधी कुणी सांगत नाही. चांगला एजंट असेल तर तुमचा फायदा. दुकान बंद करून गावाला गेलेला एजंट असेल तर तुम्ही आणि कंपनी यांच्यामध्ये एक कुलूप. ताईंच्या एजंटांनी चहा पिता पिता त्यांच्या पोर्टलवरून दहा मिनिटांत जोडणी करून दिली. मी अर्धा तास संगीत ऐकलं होतं.

रद्द करण्याचंही तसंच. जहाज जवळ येईल तसा कंपनी जास्त पैसा कापते, हे दोघांनाही सारखं. एजंटाच्या कागदावर त्याच्या खाली त्यांचा स्वतःचा आकार वेगळा होता. ती ओळ सहीच्या आधी वाचा.

आता विमान. मी आदल्या दिवशी पोचायचं ठेवलं होतं. सिंगापुरात एक रात्र हॉटेल, दुसऱ्या दिवशी सावकाश मरिना बे क्रूझ सेंटरवर. एजंटांनी ताईंना रात्रीच्या विमानाने काढून, सकाळी उतरून त्याच दुपारी जहाजात बसवायचं ठेवलं होतं. एका रात्रीचं हॉटेल वाचतं, कोटेशन आकर्षक दिसतं. विमान मुंबईतच तीन तास लांबलं. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, वर घड्याळ अडीच तास पुढे. आम्ही सिंगापुरात, ते मुंबई विमानतळावर, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

पहाटे चार वाजता भावोजींनी एजंटांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. विमान कुठे आहे ते त्यांना आधीच माहीत होतं. सिंगापूरच्या त्यांच्या माणसाला दारात गाडी लावून ठेवायला सांगितलं, व्हीलचेअरवाल्यांना कळवलं, आणि ताईंना एवढंच म्हणाले, ‘आईंना काहीतरी खायला घाला, तुम्ही पोचताय.’ पोचले. चढणं बंद व्हायला तासाभराचा अवकाश होता. ताई म्हणतात सात हजार त्या एका फोनमध्ये वसूल झाले. माझं म्हणणं, तो फोन ज्या विमानामुळे करावा लागला ते विमानही त्याच एजंटांनी निवडलेलं होतं. यावर आमच्यात अजून एकमत नाही.

जेवणाबद्दल दोन्हीकडे सारखाच अनुभव. शाकाहारी लिहून दिलं होतं, मिळालं, भरपूर मिळालं. एजंटांनी जैन जेवणाचंही कबूल केलं होतं, आमच्यात जैन कुणी नाही. उपवासाचं काही नव्हतं. सासूबाईंचा गुरुवार फळं आणि ताईंच्या डब्यातले राजगिऱ्याचे लाडू यांवर झाला.

गुण द्यायचेच तर वेबसाइटला पाचपैकी चार, एजंटांना साडेतीन. अर्धा गुण कापला तो त्या 300 रुपयांचा. बाल्कनीतली झोप महत्त्वाची असेल, नकाशा वाचता येत असेल, घरातली सगळी धडधाकट असतील आणि कार्ड नीट असेल तर वेबसाइट. बरोबर म्हातारं माणूस असेल, तीन-चार घरं मिळून जात असाल, कुणाची परीक्षा किंवा कुणाचं ऑपरेशन मध्ये येण्याची शक्यता असेल तर एजंट, पण विमान आदल्या दिवशीचं मागून घ्या आणि ‘गॅरंटी’ नको म्हणा.

पुढच्या वर्षी ताईंच्या सासरची माणसंही येणार म्हणतायत, म्हणजे चार केबिन. भावोजींच्या आग्रहाने या खेपेस मीही नाशिकलाच विचारलं. डेक प्लॅनवर खुणा करून चार नंबर पाठवले, आरओई किती लावणार ते लेखी मागितलं आणि अरायव्हल कार्डं आम्ही भरू असं वर लिहिलं. उत्तर आलं, ‘मॅडम, केबिन नंबर घेऊन येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय.’ तीन केबिन त्यांनी राखून ठेवल्यात. चौथी बुफेच्या खाली देतायत, तीवर बोलणी चालू आहेत.